मोपाच्या सड्याची कागदपत्रे

गोव्यातल्या मोपाच्या विमानतळाची एकूण जागा सुमारे 2132 एकर. त्यातली 232 एकर विमानांसाठी नाही. धावपट्टी, टर्मिनल, विमाने उभी करण्याची जागा हे सगळे बाकीच्या एकरांत. या 232 एकरांवर हॉटेले, कार्यालये, दुकाने, सभागृहे असा व्यापारी विकास करायचा हक्क विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला मिळाला आहे. कंपनीच्या भाषेत ही ‘सिटी साइड’. पेडणे तालुक्यात एका करारानिशी नियोजित झालेले, नाना वापरांचे एवढे मोठे नागरी क्षेत्र यापूर्वी नव्हते.

असे एकत्र संकुल पाहायचे तर युरोपच्या राजधान्यांत नमुने आहेत. गोव्यावर ज्या शहरातून राज्य चालले, त्या लिस्बनमध्येच 1985 साली आमोरैराश उभे राहिले. वास्तुविशारद तोमाश तावैरा यांनी कार्यालयांचे मनोरे, राहती घरे आणि मोठा बाजार एकाच संकुलात बसवला. शहराच्या टेकड्यांवरून दिसणारी रेघ त्याने बदलली आणि त्यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ वादही झाला. पॅरिसमध्ये 1973 साली 210 मीटरचा मोंपार्नास मनोरा झाला आणि तो पाहून शहराने 1977 मध्ये नव्या इमारतींच्या उंचीवर 37 मीटरची मर्यादा घातली. दोन्हीकडे बांधकाम डोळ्यांसमोर आले, मग चर्चा झाली. मोपाला क्रम वेगळा आहे. इथे इमारती यायच्या आहेत आणि कागद आधीच तयार आहेत. म्हणून कागद आत्ताच वाचायचे.

सड्याचा पहिला कागद

पेडणे 1788 साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेले आणि ‘नव्या काबिजाती’त गणले गेले. जमिनीचा आजचा रोजचा कागद मात्र मुक्तीनंतरचा आहे. 1968 च्या जमीन महसूल संहितेनंतर गावोगाव मोजणी झाली आणि प्रत्येक सर्व्हे नंबराचा ‘एक-चौदा’चा उतारा तयार झाला. कूळ, मुंडकार, वाटणी, कर्ज, काहीही निघाले की पहिला प्रश्न येतो, एक-चौदावर कोणाचे नाव आहे?

या उताऱ्यात लागवडीखालच्या जमिनीचे रकाने आहेत : जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. पुढे पोटखराबा. मग कब्जेदार, कूळ, इतर हक्क आणि शेवटी कोणी कोणते पीक काढले याची नोंद. खाली उतरून शेत करणाऱ्याला हा कागद पुष्कळ सांगतो. सड्यावर आला की तो थोडका पडतो. जांभ्या दगडाचा उघडा माळ, पावसाळ्यात चार महिने गवत आणि फुले, कडेकडेने काजू, मधे गुरे चारणाऱ्या धनगरांच्या वाटा. काजूला पिकाच्या रकान्यात जागा आहे. गुरे चारण्याला वेगळा रकाना नाही. सड्यावर पडलेले पाणी जांभ्यातून मुरून पायथ्याच्या झऱ्यांना आणि बावींना जाते, त्यालाही नाही. महसुलाच्या दृष्टीने ज्या जमिनीतून फारसे काही निघत नाही, ती ‘रिकामी’ दिसते. पुढच्या प्रत्येक कागदात हे रिकामेपण वाढत गेले.

मार्च 2000 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मोपाला तत्त्वतः मान्यता दिली. त्या वेळी अट होती, मोपा सुरू झाल्यावर दाबोळीच्या जुन्या विमानतळावरची नागरी वाहतूक बंद करायची. 2010 मध्ये ही अट बदलली आणि दोन्ही विमानतळ राहतील असे ठरले. मधल्या काळात राज्य सरकारने मोपा, चांदेल, कासारवर्णे, वारखंड, उगवे, अमेरे या परिसरातली जमीन संपादन केली. एक-चौदावर ज्यांची नावे होती, त्यांना त्या नावांच्या आधारे मोबदल्याच्या रांगेत उभे राहता आले. ज्यांचा वापर होता पण नाव नव्हते, त्यांना आधी आपण तिथे होतो हे सिद्ध करावे लागले. सड्यावरच्या धनगर कुटुंबांनाही हलावे लागले.

‘फॉर्म 1’ आणि पंधरा किलोमीटर

मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण दाखला लागतो. त्याची पद्धत 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेने ठरवली आहे. सुरुवात ‘फॉर्म 1’ने होते. हा अर्ज प्रकल्पकर्त्याने स्वतः भरायचा असतो. मोपाला तो गोवा सरकारने भरला.

अर्जाचा दुसरा भाग प्रश्नावलीचा आहे. डावीकडे प्रश्न, मधे ‘होय/नाही’, उजवीकडे तपशील, जमेल तिथे आकडे आणि माहितीचा आधार. तिसऱ्या भागात प्रकल्पाच्या हद्दीपासून हवाई अंतराने 15 किलोमीटरच्या आत काय काय आहे, ते नावानिशी लिहायचे असते : कायद्याने संरक्षित क्षेत्रे, पाणथळ जागा, ओहोळ, डोंगर, जंगले, दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या जागा, जमिनीवरचे आणि जमिनीखालचे पाणी, दाट वस्ती, इस्पितळे, शाळा, देवळे. एक ओळ राज्यांच्या सीमांचीही आहे. मोपाला ती ओळ महत्त्वाची, कारण सड्याला महाराष्ट्राची हद्द अगदी लागून आहे आणि 15 किलोमीटरचे वर्तुळ काढले की त्यात सिंधुदुर्गाचा मोठा भाग येतो.

या अर्जावरून केंद्रीय तज्ज्ञ समितीने अभ्यास कशाचा करायचा ते ठरवले. ती कार्यकक्षा 1 जून 2011 रोजी दिली गेली. त्यानुसार इंजिनिअर्स इंडिया लिमिटेडने पर्यावरण आघात अहवाल केला. 1 फेब्रुवारी 2015 रोजी जनसुनावणी झाली. लोक आले, बोलले, लेखी हरकती दिल्या. 28 ऑक्टोबर 2015 रोजी केंद्राने पर्यावरण दाखला दिला.

इथून कागद न्यायाच्या वाटेला लागले. दाखल्याला हनुमान लक्ष्मण आरोसकर यांनी आणि फेडरेशन ऑफ रेनबो वॉरियर्स या संस्थेने आव्हान दिले. राष्ट्रीय हरित लवादाने 21 ऑगस्ट 2018 रोजी काही जादा अटी घालून दाखला कायम ठेवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 29 मार्च 2019 रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. हेमंत गुप्ता यांच्या पीठाने निकाल दिला. तो मोपापुरता राहिला नाही. देशात पर्यावरण दाखल्याचा कोणताही वाद निघाला की आज तो उद्धृत होतो.

निकालाचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे न्यायालयाने फॉर्म 1 ओळीओळीने तपासला. वर्तुळातली जंगले, पाण्याच्या जागा, सिंधुदुर्गातली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती त्यात द्यायला हवी होती तशी दिलेली नव्हती. तोडायच्या झाडांचा 54,676 हा आकडा न्यायालयापुढे आला. ‘ओसाड सडा’ या चित्रात तो बसत नव्हता. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : पहिलाच अर्ज अपुरा असेल तर त्यावर ठरलेली कार्यकक्षा अपुरी, कार्यकक्षेवर उभा अहवाल अपुरा आणि अहवालावरची शिफारसही अपुरी. जनसुनावणीतल्या हरकतींचा समितीने कारणे देऊन विचार केल्याचे दिसत नाही, हा दुसरा दोष. विमानतळ हवा की नको, हे ठरवणे न्यायालयाने आपल्याकडे घेतले नाही. पर्यावरणाच्या बाबतीतही कायद्याचे राज्य असते, प्रक्रिया ही उपचारापुरती नसते, हे मात्र ठासून सांगितले. दाखला स्थगित झाला आणि समितीला महिन्याभरात फेरविचार करायला सांगितले.

समितीने फेरविचार करून जादा अटींसह पुन्हा शिफारस केली. 16 जानेवारी 2020 रोजी त्याच न्यायालयाने स्थगिती उठवली. अटींच्या पालनावर देखरेख करायला ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेची नेमणूक झाली. 11 डिसेंबर 2022 रोजी पंतप्रधानांनी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ या नावाने मोपाचे उद्‌घाटन केले आणि 5 जानेवारी 2023 पासून प्रवासी विमाने सुरू झाली.

करार काय सांगतो

न्यायालयातला वाद जोरात होता त्याच काळात दुसऱ्या कागदाची वाटचाल शांतपणे चालू होती. ऑगस्ट 2016 मध्ये जीएमआर कंपनीने 36.99 टक्के महसूलवाट्याची बोली लावून निविदा जिंकली. नोव्हेंबर 2016 मध्ये गोवा सरकारशी करार झाला : बांधा, चालवा, मुदत संपल्यावर परत द्या. मुदत 40 वर्षे, पुढे बोलीने 20 वर्षे वाढू शकणारी. त्याच महिन्यात 13 तारखेला कोनशिला बसली. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे 2,870 कोटी रुपये आणि क्षमता वर्षाला 44 लाख प्रवाशांची, असे उद्‌घाटनाच्या वेळी सरकारने जाहीर केले. पुढे ही क्षमता 3 कोटी 30 लाखांपर्यंत नेता येईल, असेही.

232 एकर याच व्यवस्थेत येतात. विमानतळाचा धंदा कसा चालतो ते ओळखल्याशिवाय हा आकडा कळत नाही. विमाने उतरवण्याचे भाडे नियामक ठरवतो, त्यात मनमानी करता येत नाही. नफ्याची खरी जागा बाहेर असते : वाहनतळ, दुकाने, हॉटेले आणि जमीन. दिल्लीत याच पद्धतीने ‘एरोसिटी’ उभी राहिली. पण दिल्लीच्या 2006 च्या करारात विमानसेवेबाहेरच्या अशा वापराला एकूण जागेच्या 5 टक्क्यांची मर्यादा आहे. मोपाचे 232 एकर 2132 शी भागले तर वाटा जवळजवळ 11 टक्के येतो. महानगराच्या विमानतळाला जेवढी सूट, त्याच्या दुप्पट प्रमाण एका ग्रामीण तालुक्याच्या सड्यावर आहे. यात बेकायदा काही नाही. करारात जे आहे तेच आहे. पण जमीन संपादन करताना गावाला सांगितलेले सार्वजनिक प्रयोजन ‘विमानतळ’ होते, आणि विमानतळात जवळजवळ नववा हिस्सा बाजार असतो हे गावकऱ्याला तेव्हा कोणी समजावले, हा प्रश्न रास्त आहे.

त्यापुढचा कागद 2018 चा. विधानसभेने मोपा विमानतळ विकास प्राधिकरणाचा कायदा केला. विमानतळ क्षेत्राच्या नियोजनाचे आणि बांधकाम परवान्यांचे काम या प्राधिकरणाकडे गेले. पंचायतींनी तेव्हा विरोध केला होता आणि त्यांचे दुखणे साधे होते. घराला मागे एक खोली काढायची तर गावकऱ्याने सनद, आराखडा, पंचायतीचा परवाना असे उंबरठे झिजवायचे. आणि सड्यावर शंभर खोल्यांचे हॉटेल येणार असेल तर त्याच पंचायतीकडे कागदही यायचा नाही.

ज्या अर्जात शहराला प्रश्न विचारतात

2006 च्या त्याच अधिसूचनेत नगरे आणि क्षेत्रविकास प्रकल्पांसाठी वेगळी नोंद आहे, 8(ब). 50 हेक्टर किंवा त्याहून मोठे क्षेत्र, अथवा दीड लाख चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असले की प्रकल्प तिच्यात येतो. 232 एकर म्हणजे सुमारे 94 हेक्टर. एवढे क्षेत्र कोणी बिल्डर स्वतंत्र नगर म्हणून घेऊन आला असता तर या नोंदीपासून त्याची सुटका नव्हती.

आणि या नोंदीतल्या प्रकल्पाला ‘फॉर्म 1’सोबत ‘फॉर्म 1-अ’ही भरावा लागतो. दोन अर्जांतला फरक पाहण्यासारखा आहे. फॉर्म 1 मुख्यतः विचारतो, तुमच्या भोवती काय आहे? फॉर्म 1-अ विचारतो, तुम्ही आल्यावर काय होईल? जमीन, पाणी, झाडे, प्राणी, हवा, देखावा, लोकजीवन, बांधकामाचे साहित्य, ऊर्जा अशी त्याची प्रकरणे. पाणी किती लागेल आणि कुठून आणणार? वापरलेले पाणी कुठे सोडणार? भूजलावर परिणाम काय? आसपासची वस्ती कशी बदलेल? बांधकामाने एखादा देखावा अडतो का, हाही प्रश्न त्यात आहे. डोंगरावरून समुद्र दिसणाऱ्या तालुक्यात तो विनोदाचा विषय नाही.

उंचीचे उत्तर मात्र दुसऱ्याच खात्यात मिळते. विमानतळाभोवती किती उंच बांधायचे ते केंद्राच्या 2015 च्या नियमांनी ठरते आणि त्यासाठी रंगीत पट्ट्यांचे नकाशे असतात. ठरलेल्या उंचीपुढे ना-हरकत दाखल्याशिवाय जाता येत नाही. म्हणजे मोपाला लिस्बनसारखे मनोरे सहजी होणार नाहीत. पण हा नियम विमानाच्या सुरक्षेसाठी आहे. इमारत आडवी कितीही पसरली तरी त्याला हरकत नसते, आणि सड्याचे पाणी उंचीने अडत नाही, पसरल्याने अडते.

डिचोलीने दाखवलेली वाट

कागद उशिरा वाचले की काय होते, ते पाहायला शेजारच्या डिचोलीत जावे. तिथल्या खाणी पोर्तुगीज काळात दिलेल्या सवलतींवर चालत होत्या. 1987 च्या केंद्रीय कायद्याने त्या सवलती रद्द होऊन त्यांचे खाणपट्टे झाले. या पट्ट्यांची मुदत कधी संपली, हा अगदी कोरडा, कागदी प्रश्न. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 रोजी दिले : 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली. म्हणजे पुढची वर्षे खनिज निघाले ते पट्ट्याशिवाय. नंतर केलेली 88 पट्ट्यांची नूतनीकरणे 7 फेब्रुवारी 2018 रोजी रद्द झाली. तोवर डोंगर खणून झाले होते, मातीचे ढीग उभे होते, शेतात गाळ आला होता आणि ट्रकांवर कर्ज काढलेली कुटुंबे रस्त्यावर आली होती. निकाल बरोबर होता. फक्त खड्डा आधी झाला आणि वाचन मागाहून.

गोव्याच्या प्रादेशिक आराखड्यांचा इतिहासही असाच. 2011 सालापर्यंतचा आराखडा ऑगस्ट 2006 मध्ये अधिसूचित झाला. लोकांनी नकाशे उघडून आपापले सर्व्हे नंबर शोधले, तेव्हा टेकड्या आणि शेते वसाहतीच्या रंगात रंगवलेली दिसली. गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. 2021 च्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृतिदलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. गावागावांकडून सूचना मागवल्या गेल्या. पुढे तोच आराखडा एकेका तुकड्याने बदलण्याचे दरवाजे नगरनियोजन कायद्यात उघडले : आधी कलम 16-ब, मग 2023 मध्ये 17(2), मग 2024 मध्ये 39-अ. यातल्या 17(2) खालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 13 मार्च 2025 रोजी रद्द केले. चुका दुरुस्त करण्याच्या नावाखाली सबंध आराखडा बदलता येणार नाही, असा त्याचा रोख होता.

पेडण्याने मात्र एकदा वेगळे करून दाखवले आहे. 2023 मध्ये तालुक्यासाठी नवा विभाग-आराखडा प्रसिद्ध झाला. विमानतळ आल्यावर जमिनीचे भाव चढलेले, दलाल गावोगाव फिरत असलेले. लोकांनी हरकतींची मुदत संपायची वाट पाहिली नाही. नकाशे पंचायतीत लावून पाहिले, ग्रामसभा घेतल्या, स्थानिक आमदारांना बाजू घ्यायला लावली. मसुदा सरकारला मागे घ्यावा लागला. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले नाही आणि एकही झाड पडले नाही.

मोपाच्या 232 एकरांपुढे हाच धडा आहे. विमानतळ झाला, तो चालू आहे, तालुक्यातली मुले तिथे कामाला आहेत. मागे जाण्याचा प्रश्न नाही. सिटी साइडची बांधकामे टप्प्याटप्प्याने येतील. म्हणून पेडण्यातल्या प्रत्येक पंचायतीने, आणि पंचायत गप्प बसली तर ग्रामसभेने, माहिती अधिकारात पाच कागद आत्ताच मागून घ्यावेत : करारातला 232 एकरांचा नकाशा, त्या क्षेत्राचा मंजूर आराखडा, तिथल्या बांधकामाचा समावेश कोणत्या पर्यावरण दाखल्यात, किती चौरस मीटरपर्यंत आहे याची नोंद, पाण्याचा स्रोत आणि सांडपाण्याची व्यवस्था, आणि ‘नीरी’चे देखरेख अहवाल. हे कागद गुपित नाहीत. ते पायथ्याच्या बावी आटायच्या आधी वाचले तर त्यांना सुधारणा म्हणतात. नंतर वाचले तर फक्त निकालपत्र हाती येते.